नव्या खेळातली हरणी

आण्णा,

तुमची पणती आज संध्याकाळच्या बसनं हैदराबादला नोकरीला चालली आणि जाताना माझी हरणी मागते आहे. तुम्ही मला न विचारता विकलीत ती हरणी नव्हे. ही दुसरी. ही मशीनमधल्या खेळात राहते, तळहाताएवढ्या काचेत हिंडते, चारा खात नाही, शेण टाकत नाही. पण नाव तेच ठेवलेलं आहे, आणि मागणारीचं तोंडही तुमच्यासारखंच, भिंतीकडे बघून बोलणारं. ती आतल्या खोलीत बॅग भरते आहे आणि मी ओट्याशी बसून हे लिहिते आहे. तुम्हाला अक्षर येत नव्हतं आणि मला तुम्ही चौथीपुढे जाऊ दिलं नाहीत. तेव्हा यात चुका असल्या तरी तुम्ही काढू शकत नाही, आणि नसल्या तरी वाचू शकत नाही. म्हणून तर लिहायला बसले. जिवंत होतात तेव्हा माझं एक वाक्य कधी पुरं होऊ दिलं नाहीत.

खेळ काय ते आधी सांगते, नाहीतर म्हणाल म्हातारपणी हिचं डोकं फिरलं. रानात हिंडायचं. गवतातून अचानक एखादं चमत्कारिक जनावर पुढ्यात येतं. कुणाला शिंगं, कुणाला पंख, कुणी नुसताच दगड. आपलं जनावर त्याच्याशी झुंजवायचं, त्याला दमवायचं, पण मारायचं नाही. दमलं की डबी फेकायची. कुंकवाच्या करंड्यासारखी गोल डबी. जनावर आत जातं आणि डबी हलायला लागते. थांबली तर तुमचं, फुटली तर पळालं. असं एकेक पकडून, वाढवून, गावोगावच्या उस्तादांना हरवायचं. बस, एवढंच. तुमच्या बैलांच्या गप्पांपेक्षा बरं.

मी त्या वेळी देवळाली कॅम्पात बंगल्यांवर फुलं द्यायला जायचे. मिलिटरीतल्या माणसांची बदली झाली की त्यांच्या बायका अर्धं घर वाटून टाकायच्या. कुणी कुंड्या द्यायच्या, कुणी स्टोव्ह. एकीनं मला तिच्या मुलाचं जुनं मशीन दिलं. "माँजी, बच्ची को दे देना," म्हणाली. मी ते टोपलीत शेवंतीखाली ठेवून आणलं. नात, तुमची हीच पणती, तेव्हा प्राथमिक शाळेत होती. तिनं दोन महिने खेळून टाकून दिलं, आणि मी उचललं. इंग्रजी मला काडीचं येत नाही. पण काचेवरच्या चार ओळींतली पहिली म्हणजे मार, दुसरी म्हणजे पिशवी, तिसरी म्हणजे जनावर बदल, चौथी म्हणजे पळ, एवढं कळायला शाळा लागत नाही. दुपारी फुलं विकून आले की दारात उन्हाला बसायचे, कारण त्या मशीनला दिवा नव्हता. सावलीत गेलं की काच काळी. सून आतून ओरडायची, "आई, कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या? मोजल्या का?" मी म्हणायचे, "तू मोज, माझी डबी हलतेय."

त्या खेळात एका ओढ्यापलीकडे मला ती सापडली. पाच-पंचवीस काळे ठिपके, त्यातून दिसायचं ते वासराएवढं काहीतरी, पाठीवर गवत उगवलेलं आणि एकच शिंग. जोर फारसा नाही. नात म्हणाली, "आजी, ही बेकार आहे, हिला कुणी घेत नाही." म्हणूनच घेतली. नाव द्यायची वेळ आली तेव्हा नातीनं विचारलं, "काय टाकू?" मी म्हटलं, "हरणी टाक." आणि ते बेकार जनावर घेऊन मी एकेका उस्तादाला लोळवलं. शेवटच्या डोंगरावर तर इतकी हरले की शेजारीण विचारायची, "काय गं, आज परत मेलीस का?" पण चढले. त्या डोंगरात अंधार म्हणजे अंधार होता. भिंतीला हात लावत जावं तसं चाचपडत जायचं. ते मला आवडायचं. कुणी वाट दाखवत नव्हतं, म्हणून सापडली की ती आपली असायची.

मग एक दिवस मशीन सुरू केलं तर खेळानं विचारलं, तुझं नाव काय? जसं काही कधी भेटलोच नाही. नात म्हणाली, आतला सेल संपला, त्याच्याबरोबर सगळं पुसलं गेलं. उस्ताद, डोंगर, हरणी, सगळं. पोर रडायला लागली, जसं काही तीच खेळत होती. मी मशीन फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवलं आणि चहा टाकला. दोनदा एकच जनावर गेलं तर माणूस रडत नाही, आण्णा. चिडतो.

आता इतक्या वर्षांनी तोच खेळ कंपनीनं नव्यानं केला. नातीनं इथल्या पहिल्या नोकरीच्या पगारातून दोन मशीनं आणली, एक तिला, एक मला. "आजी, तुझी हरणी परत मिळेल." दोन काचा असलेलं, पुस्तकासारखं उघडणारं मशीन, खालच्या काचेवर काडीनं टोचायचं. मी खेळले. सबंध खेळले. आणि मला जे वाटलं ते सांगते, कारण या घरात कुणी विचारत नाही. नातीला सांगायला जावं तर ती म्हणते, "मस्त आहे ना?" आणि उत्तर न ऐकता निघून जाते.

पहिलं म्हणजे ते बोलतात किती! जुन्या खेळात म्हातारा जनावर हातात द्यायचा आणि जा म्हणायचा. नव्यात प्रत्येक वळणावर एक शहाणा उभा. म्हणे, गवतात जनावर असतं. अरे, माहीत आहे मला. डबी कशी फेकायची ते दाखवतो. नको. तरी दाखवतो. मी लग्नानंतर पहिल्यांदा सासरी चूल पेटवायला बसले तेव्हा सासू अशीच डोक्याशी उभी होती. शिवाय खेळात फोन दिलाय. कुठलं तरी पोर फोन करून सांगतं की माझा किडा आज फार चपळ झालाय. मी शेवटच्या उस्तादाच्या दारात उभी आणि हा किड्याचं कौतुक सांगतो! अंधाराचा डोंगर होता तिथं आता दिवे. पहिल्यांदा चढले तेव्हा चार दिवस चिडचिड होती. या वेळी एका दुपारी वर. पोचले तेव्हा काही वाटलंच नाही. एसटीनं सप्तशृंगीला जाऊन आल्यासारखं. रंग मात्र दिलेत, आता गवत हिरवं दिसतं, पाण्यात आभाळ दिसतं. गाणंही पिपाणीसारखं वाजायचं ते आता बँडसारखं वाजतं. चांगलं आहे. पण मी ठिपक्यांत जी हरणी बघत होते ती यांना काढता आली नाही. यांनी तिचं शिंग भलतीकडे काढलंय. डावीकडे कललेलं होतं, ते सरळ केलं.

आणि एक गोष्ट त्यांनी अशी केली की तिचा मला सगळ्यात जास्त राग आहे. जुन्या खेळात जनावर डबीत असायचं. नव्यात ते आपल्या मागे मागे चालतं. आपण वळलो की वळतं, पळालो की पळतं, पुलावर थांबलो की थांबून पाण्यात बघतं. मागे फिरून बटण दाबलं की सांगतं, आज खूष आहे, आज दमलीय, आज तुझ्याकडेच बघतेय. इंग्रजीत सांगतं, पण तोंडावरून कळतं. कंबरेला खोचायचं एक वाटोळं यंत्रही दिलंय, त्यात हरणीला घालून खरंच चालायला न्यायचं. मी तिला पातळाच्या कनवटीला खोचून पंचवटीत बाजारला नेऊ लागले. शेजारी बसणारी हार विकणारी म्हणते, "काय गं, पेजर घेतला का? कोण बोलावतं तुला?" मी म्हटलं, "हरणी आहे." ती म्हणाली, "मग हिच्या दुधाचा चहा पाज." हसली. मी नाही हसले. कारण मशीन, यंत्र दोन्ही घरी असताना, गंगेच्या पायऱ्या उतरता उतरता मी एकदा खरंच मागे वळून बघितलं होतं.

मागे चालायची ती खरी हरणी, आण्णा. तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही बांधावर उभे राहून बघत होतात. गाय व्याली आणि लगेच आटली, तेव्हा तुम्हीच म्हणालात, जगवशील तर तुझी. कापसाच्या बोळ्यानं जगवली मी. मखमलाबादच्या वाटेनं विहिरीवर गेले की मागे, शेवंती खुडायला गेले की मागे, शाळेतून नाव काढलं त्या दिवशी गावाबाहेर जाऊन बसले तर तिथंही मागे. तिच्यासाठी अंबाडीचं दावं मी स्वतः वळलं. मध्ये आईच्या फाटक्या लुगड्याची लाल पट्टी गुंफली, लांबून ओळखू यावं म्हणून.

आणि मग बुधवारच्या बाजाराला तुम्ही मला चुलतीबरोबर पाठवलंत. टोपली भरून शेवंती, जी दुसऱ्या कुणालाही नेता आली असती. परत आले तर गोठ्यात खुंटा रिकामा. ते मी गिळलं असतं. पोरीचं लग्न ठरत होतं, घरात जे असतं तेच विकतात, आणि ते लग्न मी मागितलं नव्हतं हे कोण ऐकतंय. पण भिंतीवरची खुंटीही रिकामी होती. आपल्याकडे जनावर विकताना दावं देत नाहीत. घेणारा आपलं दावं घेऊन येतो, विकणारा आपलं सोडवून खुंटीला टांगतो. दाव्याबरोबर गोठ्याची बरकत निघून जाते म्हणतात. शेंबड्या पोरालाही ठाऊक. तुमची आई तर त्या दिवशी दारात बसून तुम्हाला शिव्या देत होती, की यानं दावंसुद्धा दिलं, याला झालं काय. मी विचारलं, "माझं दावं कुठंय?" तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "जेवायला बस. थंड होईल."

हे तुमचं उत्तर. पन्नास वर्षांहून जास्त झाली, मी ते घास घास चावतेय.

पुढे मी बाळंतपणाला माहेरी आले तेव्हा आईनं एकदा सांगितलं. म्हणे, घेणाऱ्यानं नवीन दावं घातलं तर हरणी अंगणात बसली ती उठेचना. त्यानं शेपटी पिरगाळली, तरी नाही. तेव्हा तुम्ही आत गेलात, माझं दावं आणलंत, घातलंत आणि ती उठून चालायला लागली. मग तुम्ही त्याला म्हणालात, राहू दे हेच. मी आईला म्हटलं, "घे, त्यांचीच बाजू घे." खरं असेल तर तुम्ही मला का नाही सांगितलं? दोन वाक्यं होती. तुमच्या तोंडाला काय झालं होतं? पुढे किती वर्षं जगलात. माझ्या पोरांना खांद्यावर घेऊन यात्रेत फिरवलंत. त्यात एक दुपार नाही सापडली?

आत्ता पोर बाहेर आली होती. पदरानं कागद झाकला.

"आजी, काय लिहितेस?"

"किराणा."

"देणार का मग हरणी? बस पाचला आहे."

"तुझ्याकडे तुझी जनावरं आहेत की."

"तुझी हवीय. तिकडे खोलीवर एकटी असणार मी. ती मागे चालली म्हणजे..." आणि भिंतीकडे बघायला लागली. बघा, तुमचं रक्त.

मी म्हटलं, "नाशकात कंपन्या कमी आहेत? सातपूर आहे, अंबड आहे. हैदराबादला जाऊन काय निराळा दगड फोडणार आहेस?"

"आजी, मी दगड नाही फोडत. कॉम्प्युटरवर काम असतं."

"मग तो काय इथं चालत नाही?"

ती गेली आत. कपडे आपटून घड्या घालते आहे. घालू दे. खेळात असं आहे, आण्णा, की दोन मशीनं समोरासमोर धरली की जनावरांची अदलाबदल होते. तिची एक माझ्याकडे येणार, माझी तिच्याकडे जाणार. आणि एकदा दिलं की ते त्याच घरचं. यात आणखी एक मेख आहे. दुसऱ्याच्या हातचं वाढलेलं जनावर नव्या मालकाचं ऐकत नाही. झुंजायला सांगावं तर पाठ फिरवतं, झोपतं. जुन्या खेळातही होतं हे, नव्यात तेवढं मात्र बदललं नाही. फक्त नव्यात एक घंटी आहे. गळ्यात घातली की जनावर लवकर जीव लावतं, ऐकू लागतं. सबंध खेळात ती एकच. उत्तरेकडच्या गावात एक बाई राहते, ती तुमच्या जनावराकडे बघते आणि त्याचा तुमच्यावर जीव असेल तरच देते. मी कितीदा गेले तिच्याकडे, तेव्हा मिळाली. ती हरणीच्या गळ्यात आहे. ती काही मी देणार नाही. जनावर मागितलंय ना, जनावर घे. दावं माझं.

हाक मारतेय. जाऊन येते.

*

गेली ती. आता घरात तिच्या डोक्याच्या तेलाचा वास आहे आणि सून भांडी जरुरीपेक्षा जोरात घासते आहे. पोरीची आई ना, रडत नाही, भांड्यांवर काढते. तिचं बरं आहे.

आम्ही दोघी पलंगावर बसलो होतो, गुडघ्याला गुडघा लावून. पोरीनं दोन्ही मशीनं सुरू केली. मी म्हटलं, "थांब. आधी घंटी काढून घेते." ती म्हणाली, "काढ की. तुझीच आहे." एवढं सरळ बोलली की मलाच राग आला. भांडली असती तर बरं झालं असतं. मी काडी हातात घेतली. हरणीचं चित्र आलं, खाली घंटी. "आणि तिकडे तुझं ऐकली नाही तर?"

"नाही ऐकली तर नाही ऐकली. तिला सवय होईपर्यंत थांबेन."

"तू थांबणार? तुला दूध वर येईपर्यंत थांबता येत नाही."

"आजी, काढतेस का? रिक्षावाला हॉर्न देतोय."

"मला बटणं कळतात. तू चपला घाल."

ती चपला घालायला वाकली. मग आम्ही केलं. काचेवर हरणी उभी होती, मग डबीत गेली, डबी वर वर गेली आणि दिसेनाशी झाली. पलीकडून एक डबी आली. फुटली तर आत सुरवंट. इतक्या जनावरांतून पोरीनं मला सुरवंट दिला. वर हसते, "मोठा झाला की फुलपाखरू होतो, आजी." मी म्हटलं, "तोपर्यंत मी राहणार आहे का?" त्यावर ती पाया पडली आणि मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला, कारण दुसरं काय करायचं ते कळेना.

दिवेलागणीला तिचा फोन आला. बस सिन्नरच्या पुढे गेली होती. मागे कुणाचं तरी बाळ रडत होतं. म्हणाली, "आजी, अगं घंटी राहिली! हरणीच्या गळ्यातच आहे. काढायची विसरलीस तू. आता सुट्टीत येईन तेव्हा परत देते."

मी म्हटलं, "राहिली का? म्हातारी झाले. लक्षात नाही राहिलं."

"पण तुझ्याकडे दुसरी नाही ना?"

"डबा उघडलास का?"

"आजी, मी काय विचारतेय..."

"जेवून घे आधी. थंड होईल."

आणि फोन ठेवला. ठेवल्यावर तिथंच उभी राहिले. तुमचं वाक्य, आण्णा, जसंच्या तसं. इतक्या वर्षांत मी कधी कुणाला म्हटलं नव्हतं, पोरांना जेवायला वाढतानासुद्धा दुसरं काहीही बोलायचे, आणि आज ते आपलं आपण बाहेर आलं. यामुळे माझा राग कमी झाला असं समजू नका. उलट वाढलाय. आता तो दोघांवर आहे.

हे पत्र कुठं टाकायचं? जुन्या मशीनच्या फडक्यात ठेवीन, ट्रंकेत. सुरवंट माझ्या मागे मागे येतोय. ऐकत नाही, झुंजायला सांगितलं की झोपतो. पोरीनं त्याला मोकळ्या गळ्यानं पाठवलाय. मी दोनदा मागे वळून बटण दाबलं, त्यानं तोंड फिरवलं. बरोबर आहे त्याचं.

आणि घंटी मी विसरले नव्हते.